हबीब तन्वीर : मानसन्मान आणि त्यांचे वाटेकरी

भिलाई, छत्तीसगड : पोलाद कारखान्याच्या भोंग्याबरोबर दिवस सुरू होणाऱ्या या शहरात १९७४ साली एक नाट्यकार्यशाळा भरली होती. त्या कार्यशाळेत आकाराला येत असलेले एक विनोदी नाटक, अजून पुरते बांधून झालेले नसतानाच, उघड्या मैदानावर लोकांपुढे सादर करण्यात आले. नट बहुतेक शेतमजूर आणि खेड्यातले कलावंत होते, भाषा छत्तीसगढी होती आणि समोर बसलेल्या गर्दीत सतनामी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. आठ वर्षांनी, १९८२ मध्ये, याच नाटकाला स्कॉटलंडमधील एडिनबरो येथील नाट्यमहोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ हा पुरस्कार मिळाला. नाटकाचे नाव ‘चरणदास चोर’ आणि ते रचून उभे करणारे रंगकर्मी हबीब तन्वीर.

नाटककार, दिग्दर्शक, नट, कवी, गायक, नभोवाणीचे निर्माते, चित्रपट समीक्षक अशा अनेक भूमिका तन्वीर यांनी निभावल्या. त्यांना मिळालेल्या सन्मानांची यादी लांब आहे. ती दिल्ली, भोपाळ आणि परदेशातील शहरांच्या नावांनी भरलेली असली तरी तिची मुळे दुर्ग, भिलाई, राजनांदगाव आणि रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत आहेत.

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. वडील हाफिज अहमद खान पेशावरहून येऊन रायपुरात स्थायिक झाले होते. घरातले वातावरण धार्मिक होते, पण मुलाचा ओढा कविता आणि गाण्यांकडे होता. सुटीत नातेवाइकांच्या गावी गेल्यावर कानावर पडलेली छत्तीसगढी लोकगीते त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे कविता लिहिताना त्यांनी ‘तन्वीर’ हे टोपणनाव घेतले आणि तेच नाव कायम झाले.

रायपूरचे शालेय शिक्षण संपवून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्थेत, दाखल झाले आणि तेथूनच पदवीधर झाले. त्या काळी रायपूर, दुर्ग आणि नागपूर एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, त्यामुळे छत्तीसगडच्या विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी नागपूर गाठावे हे स्वाभाविक होते. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून रायपूर आणि बिलासपूरकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याच जुन्या नात्याची साक्ष देतात. १९५६ च्या प्रांतरचनेत हा पट्टा दोन राज्यांत विभागला गेला, पण तोवर तन्वीर यांची पुढची वाट सुरू झालेली होती. नागपूरनंतर ते अलीगढला गेले खरे, मात्र तेथील शिक्षण अर्ध्यावर सोडून १९४५ मध्ये त्यांनी मुंबई गाठली.

मुंबईत त्यांनी आकाशवाणीवर निर्माता म्हणून काम केले, चित्रपटांसाठी गाणी लिहिली, किरकोळ भूमिका केल्या आणि चित्रपटविषयक पत्रकारिताही केली. प्रगतिशील लेखक संघ आणि इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, अर्थात इप्टा, या संस्थांशी त्यांचा याच काळात घनिष्ठ संबंध आला. इप्टाचे अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले तेव्हा संघटनेचा भार काही काळ या तरुणाच्या खांद्यावर आला. चित्रपटात स्थिर होण्याची संधी हाताशी असताना १९५४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि नाटकासाठी दिल्लीचा रस्ता धरला.

दिल्लीत त्याच वर्षी ‘आग्रा बाजार’ रंगमंचावर आले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील लोककवी नझीर अकबराबादी यांच्या कवितांवर बेतलेल्या या नाटकात खुद्द नझीर कोठेच दिसत नाहीत. दिसतो तो बाजार. त्यात एका काकडीवाल्याचा माल खपत नाही आणि नझीरची कविता गाऊ लागल्यावर तो खपतो, एवढेच कथानक. जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावातील रहिवासी एकत्र घेऊन हा प्रयोग झाला. ज्याच्यावर नाटक, तोच रंगमंचावर नाही, ही कल्पना तेव्हाच्या दिल्लीला नवी होती.

१९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये अभिनयाचे आणि ब्रिस्टल ओल्ड व्हिकमध्ये दिग्दर्शनाचे शिक्षण त्यांनी घेतले. त्यानंतर युरोपात भटकत ते बर्लिनला पोहोचले, तेव्हा बर्टोल्ट ब्रेख्त यांचे नुकतेच निधन झाले होते. ब्रेख्त यांच्या संस्थेची नाटके मात्र त्यांनी तेथे अनेक महिने पाहिली. गाणे, हशा आणि थेट प्रेक्षकांशी बोलणे यांतून गंभीर आशय मांडता येतो, हे त्यांना बर्लिनमध्ये दिसले. तीच रीत आपल्या गावाकडच्या ‘नाचा’त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, हे उमगायला त्यांना घरी परतावे लागले.

नाचा हा छत्तीसगडचा लोकनाट्यप्रकार. मराठी वाचकाला त्याची ओळख तमाशावरून सहज पटेल. गणगौळण किंवा वगाची तंतोतंत जोडी तेथे नाही, पण सोंगाड्याचा भाऊ शोभेल असा ‘जोक्कड’ आहे, आणि पुरुषानेच स्त्रीवेष घेऊन रंगवलेली ‘परी’ही आहे. रात्री सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. लिखित संहिता नसते, प्रहसने जागच्या जागी फुलतात आणि गावातल्या मालकापासून भटजीपर्यंत कोणाचीही त्यातून सुटका नसते. राजनांदगाव परिसरातील रवेली गावचे दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी या कलेला संघटित रूप दिले. त्यांच्या मंडळीतील नटांची नावे तेव्हा गावोगाव घेतली जात.

१९५८ साली रायपूरला आलेल्या तन्वीर यांनी असाच रात्रभराचा नाचा पाहिला आणि त्यातील सहा कलावंतांना ते दिल्लीला घेऊन गेले. मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम ही त्यांतली नावे पुढे भारतीय रंगभूमीच्या इतिहासात आली. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वर आधारित ‘मिट्टी की गाडी’ या नाटकात शहरी नटांबरोबर हे सहा जण उभे राहिले. संस्कृत नाटक शेतकऱ्यांच्या तोंडी द्यावे, हे पाहून काही जाणकारांनी भुवया उंचावल्या. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, तन्वीर यांनी रंगकर्मी मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ची स्थापना केली. मोनिका मिश्र पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

यानंतरची बारा-तेरा वर्षे धडपडीची होती, आणि ती थोडक्यात उरकण्यासारखी नाहीत, कारण तन्वीर यांची खरी कमाई या अपयशातच आहे. गावी नाचात प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. तन्वीर त्यांच्याकडून हिंदी संवाद पाठ करून घेत, कोणत्या वाक्याला कोठे उभे राहायचे ते आखून देत, आणि प्रयोग निष्प्राण होई. दोष नटांत नसून दिग्दर्शनात आहे, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आले. तीन बाजूंनी बसलेल्या गर्दीसमोर खेळायची सवय असलेला नट दाद येईल तिकडे वळणार. त्याला खडूच्या रेघेवर उभे केले की त्याचे निम्मे बळ गेले. आणि परक्या भाषेत कोणाला उत्स्फूर्त विनोद सुचत नाही. परदेशी प्रशिक्षण घेतलेल्या दिग्दर्शकाने आपली चूक मान्य करून अक्षरशत्रू नटांकडून पुन्हा शिकायला बसणे, ही गोष्ट आपल्या रंगभूमीवर फारशी घडलेली नाही.

१९६९ मध्ये त्यांना दिग्दर्शनासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. ही मुदत १९७८ पर्यंत चालली. संसद सदस्य असतानाच, १९७३ मध्ये, त्यांनी रायपूर येथे नाचा कलावंतांची महिनाभराची कार्यशाळा घेतली. तीन जुनी प्रहसने एकत्र गुंफून तीतून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे निखळ विनोदी नाटक तयार झाले. छत्तीसगढी बोलीतले हे नाटक दिल्लीकरांनीही डोक्यावर घेतले. भाषा कळली नाही तरी विनोद कळतो, याचा हा पुरावा होता. पुढच्या वर्षी भिलाईची कार्यशाळा झाली.

भिलाई हे त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे शहर होते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे नोकरीला आली. मात्र या नव्या वसाहतीच्या भोवताली जुना छत्तीसगड होता. जवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा भव्य लोककला कार्यक्रम सुरू करून प्रदेशाची अस्मिता जागवली होती. सतनामी समाजाचे पंथी नृत्य देशविदेशांत नेणारे देवदास बंजारे याच परिसरातले. भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या आणि पुढे पोलाद कारखान्यात नोकरी मिळालेल्या तीजनबाई यांची पंडवानी मोठ्या मंचावर यावी म्हणून तन्वीर यांनीच प्रयत्न केले. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेतून ती देशभरातील घरांत पोहोचली. तीजनबाईंना पुढे २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

‘चरणदास चोर’ची मूळ कथा मात्र छत्तीसगडची नाही. राजस्थानचे लेखक विजयदान देथा यांनी लिहून काढलेल्या लोककथेवर हे नाटक आधारले आहे. एक चोर साधूच्या नादी लागून खरे बोलण्याचे व्रत घेतो आणि गंमत म्हणून आणखी चार शपथा खातो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि कोणी देऊ केले तरी राजा होणार नाही, अशा त्या शपथा आहेत. फाटक्या चोराला हे सारे कोण देणार, म्हणून प्रेक्षक हसतात. पुढे नेमके तेच घडत जाते. खरे बोलण्याने चोराचे नाव होते, मिरवणुकीसाठी हत्ती दारात येतो, सोन्याचे ताट पुढे येते आणि शेवटी राणी स्वतः लग्नाची मागणी घालते. चोर सगळ्याला नकार देतो. नकाराची गोष्ट निदान कोणाला सांगू नकोस, एवढे राणी विनवते, तर तेही खरे बोलण्याच्या व्रतात बसत नाही. चोर मारला जातो. दीड-दोन तास हसलेले प्रेक्षक त्या क्षणी गप्प होतात. मानसन्मान नाकारणाऱ्या माणसाच्या या नाटकाने आपल्या कर्त्याला सर्वाधिक मानसन्मान मिळवून दिले, हा योगायोग तन्वीर यांच्यासारख्या मिश्कील माणसाच्या नजरेतून सुटला असणे कठीण.

भिलाईच्या त्या प्रयोगाला सतनामी प्रेक्षक लाभले, ही नाटकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ठरली. गुरू घासीदास यांनी स्थापन केलेल्या या पंथाचा गाभाच सत्य हा आहे. सत्यासाठी मरणाऱ्या चोराची कथा त्यांच्या श्रद्धेच्या जवळची होती. पंथी गीते आणि पंथी नृत्य नाटकात आले आणि त्याच्या गंभीर बाजूचा कणा बनले. १९७५ मध्ये नाटकाला पक्के रूप आले.

त्याच वर्षी बेनेगल यांनी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी या कथेवर बालचित्रपट काढला. लालूराम यांनी चरणदासची भूमिका केली, मदनलालही त्यात होते आणि तन्वीर यांचा लेखनात सहभाग होता. राजकन्येच्या भूमिकेत मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी एक तरुणी होती. स्मिता पाटील यांचा चित्रपटसृष्टीतील प्रवेश असा छत्तीसगढी नाचा कलावंतांच्या संगतीत झाला, हे मराठी रसिकांना फारसे आठवत नाही.

एडिनबरोच्या यशानंतर सन्मानांची रांग लागली. १९८३ मध्ये पद्मश्री, १९९० मध्ये मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान, १९९६ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप आणि २००२ मध्ये पद्मभूषण. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप हा प्रयोगकलांतील देशाचा सर्वोच्च सन्मान मानला जातो आणि तो मोजक्याच व्यक्तींना मिळतो. लोकनाट्याच्या आधाराने आधुनिक नाटक उभे करण्याचा हाच काळ महाराष्ट्रातही बहराचा होता. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ आले, १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तला मराठीत आणून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. फरक एवढाच की या मराठी प्रयोगांत लोककलेची घाट शहरी नटांनी आत्मसात केली होती. नया थिएटरमध्ये लोककलावंत स्वतःच रंगमंचावर होते.

या फरकामुळेच सन्मानांचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. पुरस्कार एका नावाने दिले गेले, पण नाटकातील निम्मे विनोद, चाली आणि हालचाली मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम, गोविंदराम निर्मलकर, फिदाबाई, मालाबाई यांच्या होत्या. चांगले नट दिल्लीला गेल्याने गावातल्या नाचा मंडळ्या दुबळ्या झाल्या, अशी टीकाही छत्तीसगडमध्ये झाली. टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या नटांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच देहबोलीत जगासमोर उभे करणारा दिग्दर्शक दुसरा कोणी नव्हता, आणि तन्वीर यांनी त्यांची साथ आयुष्यभर सोडली नाही.

हशा पिकवणाऱ्या नाटकाची किंमतही त्यांना चुकवावी लागली. ‘पोंगा पंडित’ हे अस्पृश्यतेची थट्टा करणारे जुने नाचा प्रहसन ‘जमादारिन’ या नावानेही ओळखले जाते आणि ते तन्वीर यांच्या किती तरी आधीपासून खेडोपाडी होत असे. १९९२ नंतर मात्र त्याचे प्रयोग उधळण्याचे प्रकार सुरू झाले आणि २००३ मध्ये मध्य प्रदेशातील दौऱ्यात पुन्हा मोठा गोंधळ झाला. वयाची ऐंशी गाठत आलेल्या दिग्दर्शकाने प्रयोग थांबवले नाहीत. पद्मभूषण मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

अखेरची वर्षे त्यांनी भोपाळमध्ये काढली. २००५ मध्ये मोनिका मिश्र यांचे निधन झाले. तोंडात पाइप, खर्जातला आवाज आणि नव्या पिढीशी बोलण्याची हौस हे सारे शेवटपर्यंत कायम होते. उर्दूत लिहायला घेतलेले आत्मचरित्र मात्र १९५४ च्या पुढे सरकलेच नाही. नाचा, भिलाई, एडिनबरो यांची कहाणी त्यांच्या स्वतःच्या शब्दांत पूर्ण लिहिली गेली नाही, ही मोठीच हानी.

२००९ हे वर्ष या साऱ्या प्रवासाची विलक्षण गोळाबेरीज घेऊन आले. त्या वर्षीच्या पद्म पुरस्कारांत चरणदासची भूमिका वर्षानुवर्षे गाजवणाऱ्या गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री जाहीर झाली. नया थिएटरच्या गावाकडच्या नटाला स्वतःच्या नावाने मिळालेला हा राष्ट्रीय सन्मान होता. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे हबीब तन्वीर यांचे वयाच्या ८५ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, छत्तीसगड सरकारने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. शाळांमधील वाचन सप्ताहाच्या निमित्ताने हे पुस्तक चर्चेत आले होते आणि त्यातील उल्लेखांमुळे समाजाची बदनामी होते, असा आक्षेप सतनामी धर्मगुरूंनी घेतला होता. भिलाईत ज्या समाजासमोर नाटक प्रथम उभे राहिले आणि ज्याच्या पंथी गीतांनी त्याला बळ दिले, त्याच समाजाच्या नावाने ही मागणी आली. देशभरातील रंगकर्मींनी बंदीचा निषेध केला. एका समाजाला आपल्या प्रतिमेविषयी हळवे होण्याचा अधिकार आहेच, पण ३५ वर्षांत असंख्य प्रयोग पाहिलेल्या नाटकाला उत्तर देण्यासाठी त्याचा लेखक हयात नव्हता, हेही नोंदवायला हवे.

गोविंदराम निर्मलकर यांची शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. तन्वीर यांच्या गायिका कन्या नगीन यांनी वडिलांच्या पश्चात नया थिएटरचे प्रयोग चालू ठेवले आणि ‘चरणदास चोर’ रंगमंचावर होतच राहिले.